बिनपंखाचं झुरळ

गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर बरणी, बरणीत झुरळ.

"मोजा!" बाबा गरजला. "गेल्या महिन्यात तुमच्यासमोर पाय उपटला, तेल लावलं, झाकणाला सील केलं. मोजा आता!"

सहा पाय. बायका डोळे पुसू लागल्या.

"एक जरा बारीक दिसतोय," कुणीतरी म्हणालं.

"तेवढी तुमची श्रद्धा बारीक!"

शिवणकाम करणारी वहिनी नवऱ्याला घेऊन पुढेच बसली होती. कारखान्यात प्रेस मशीनने त्याच्या हाताचा पंजा नेला होता. बाबाकडे त्यांना दिरानेच आणलं. झुरळं पुरवायची सेवाही त्याचीच. दवाखान्याचं ड्रेसिंग बंद झालं होतं, तेलाच्या फडक्याखालून वास येत होता. बाबा म्हणे, पंजा फुटतोय.

तेवढ्यात वहिनीची थोरली बहीण, शाळेतली विज्ञानाची बाई, उठली.

"पाय खराच उगवलाय. पण तेलाने नाही. झुरळाचं पिल्लू कात टाकत वाढतं. पाय तुटला की तिथली प्रथिनं पेशींना कळवतात, इथे काय कमी आहे. नवा पाय कातीखाली घडी होऊन तयार होतो. आधी बारीकच असतो. माझ्या वर्गात तेलाशिवाय उगवलाय! पंख फुटले की कात बंद, पायही बंद. माणसाला तर कातच नाही. हे घ्या, या डबीत पंखवालं आणलंय, त्याचा पाय उगवून दाखवा."

"पंखवाल्यांना गर्व असतो," बाबा सावरत म्हणाला. "त्यांच्यावर कृपा नाही."

मागे खसखस पिकली. वहिनी मात्र दिराकडे वळली.

"भावजी, घरात निम्मी झुरळं उडणारी. बाबांना तुम्ही एकही पंखाचं कसं नेलं नाहीत?"

दिराची मान खाली गेली. "नेलं होतं, वहिनी. पाय नाही आला. बाबा म्हणाले, बोलू नकोस, दादाची आशा तुटेल."

नवरा उभा राहिला. "माझा हात सडत होता, आणि तू पंख बघून झुरळं निवडत होतास?"

डॉक्टरांना मनगटाच्या वरही कापावं लागलं. कोपर तेवढं वाचलं. दीर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. दादाने त्याला आत बोलावलं नाही.

आता बाबाचा पत्ता विचारत कुणी आलं, तर वहिनी मशीन थांबवते.

"पाय उगवला का, एवढंच विचारू नका. तेल न लावता उगवला असता का, तेही विचारा. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, घरच्या माणसालाही विचारा. मी घरच्याला विचारलं नाही. घरचा होता ना!"