आत्याच्या उंचीचा तंबू

माझा रंग हिरवा की राखाडी, यावरून घरात अजून वाद होतो. मी एक जुना तंबू आहे, मित्रांनो, आणि चांगला मोठा आहे. माझ्या पोटात दोन खोल्या आहेत, पुढे लहानशी पडवी आहे, आणि मधोमध उभे राहिले तर उंच माणसाचेही डोके छताला लागत नाही. या उंचीमुळेच माझी निवड झाली. याच उंचीमुळे एकदा माझ्या पोटात बसलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ पडली. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

मी जन्मलो एका लांबलचक टेबलावर. कापड बेतले गेले, शिवणयंत्रे खडखडली. मला शिवणारी बाई प्रत्येक शिवण झाली की दोन्ही हातांनी ती जोर लावून ओढून बघायची. शेजारणीने तिला विचारले, "किती छळशील गं त्या कापडाला?" ती म्हणाली, "आत्ता मी छळते, म्हणजे पुढे वारा छळणार नाही." तेव्हा मला वारा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते.

मग मी एका दुकानात आलो. वरच्या मजल्यावर मला कायमचे उभे करून ठेवले होते. मुले माझ्यात लपाछपी खेळत. मोठी माणसे माझ्या छताकडे बघून "वा!" म्हणत आणि छोटा तंबू घेऊन निघून जात. "एवढं धूड ठेवायचं कुठे?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की माणूस जिना चढून आला की माझ्या दोऱ्या आपोआप आखडत.

एके दिवशी एक कुटुंब आले. पुढे बाबा होते. ते घड्याळे दुरुस्त करत, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मोजून बघायची त्यांना सवय. त्यांच्या हातात टेप होती. मागे आई, आणि आईचे बोट धरून त्यांची मुलगी. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण घरातला साखरेचा डबा तिला कुठेही ठेवला तरी सापडायचा. सगळ्यांत शेवटी काठी टेकत, एकेक पायरी चढत आत्या आल्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण. जन्मभर त्यांनी बस चालवली होती. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती.

आई थेट छोट्या तंबूकडे गेल्या. "हा बघा ताई, किती हलका! एका हातात येतो."

"तो हातात येतो गं, पण मी त्यात कशी येऊ?" आत्या म्हणाल्या. "रांगत? मला आत घालायला क्रेन मागवावी लागेल. तुम्ही तिघं जा. मी घरी राहून झाडांना पाणी घालते."

"आपल्याकडे एकच झाड आहे," मुंगी म्हणाली, "आणि ते प्लास्टिकचं आहे."

बाबा टेप गुंडाळत होते, उलगडत होते. शेवटी ते म्हणाले, "ताई, गेल्या सुट्टीत तू आली नाहीस. त्याच्या आधीही नाहीस. यंदा तू नसशील तर आम्हीही जाणार नाही."

"मग सगळ्यांची सुट्टी माझ्यामुळे बुडणार. छान!" आत्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "धाकट्या, मला अडगळ व्हायचं नाहीये."

आणि तोंड फिरवायला म्हणून त्या माझ्यात शिरल्या. सरळ, ताठ, न वाकता. मधोमध उभ्या राहिल्या. काठी वर करून त्यांनी माझ्या छताला टेकवली. मी श्वास रोखून धरला होता.

"अरे," त्या म्हणाल्या, "इथे तर बस पार्क होईल!"

दुकानाच्या मालकीणबाई जवळ आल्या. विकण्याची घाई त्यांना नव्हती. "घ्या, पण एक ऐकून घ्या. छोट्या तंबूवरून वारा निघून जातो. उंच तंबूला तो धडक देतो. म्हणून या दोन लांब दोऱ्या आहेत. आम्ही यांना वादळदोऱ्या म्हणतो. आभाळ कितीही स्वच्छ असो, या बांधल्याशिवाय तंबूत बसायचंसुद्धा नाही. आणि ही मागची झडप बघून ठेवा. पुढचं दार उघडता आलं नाही, तर इथून बाहेर निघायचं."

झडप बुटकी होती, कमरेच्याही खाली. आत्यांनी तिच्याकडे पाहिले. "म्हणजे शेवटी रांगणं आलंच की!"

"वेळच येणार नाही, ताई," बाबा घाईने म्हणाले, आणि मी विकला गेलो.

घरात जागा कमी. माझी पिशवी आत्यांच्या खोलीत, कपाटाच्या कडेला उभी राहिली. त्यामुळे जे कोणालाच दिसत नव्हते, ते मला दिसले. गुडघे वाकावेत म्हणून आत्यांना रोज व्यायाम सांगितला होता. पलंगावर पाय लांब करायचे, तळव्याला पंचा अडकवायचा आणि तो ओढत गुडघा वाकवायचा. पंचा आखूड पडे, सारखा निसटे. एका सकाळी आत्यांनी दार लावले, माझी पिशवी उघडली आणि दोन्ही वादळदोऱ्या बाहेर काढल्या. हाताला मऊ, ओढायला दणकट. एक उजव्या पायाला, एक डाव्या पायाला.

मित्रांनो, ते ओढणे मी पाहिले आहे. आत्या ओठ दाताखाली धरत. डोळ्यांतून पाणी येई, पण हुंदका बाहेर पडत नसे. बाहेरून आई विचारत, "ताई, व्यायाम कसा चाललाय?" आणि आत्या खणखणीत आवाजात उत्तर देत, "एकदम मजेत!" कोणाची चाहूल लागली की दोऱ्या गादीखाली जात. दिवसामागून दिवस गुडघा थोडा थोडा अधिक वाकू लागला. मला आनंद होत होता, आणि भीतीही वाटत होती. कारण निघायच्या सकाळी बाबांनी माझी पिशवी खांद्यावर टाकली, तेव्हा दोऱ्या अजून गादीखालीच होत्या. आत्या विसरल्या होत्या. मला माहीत होते, पण तंबूला तोंड नसते.

आम्ही एका तळ्याकाठी उतरलो. मोकळे मैदान, आडोसा म्हणून एक झुडूपही नाही. वारा अगदी मंद, मैदानाकडून पाण्याकडे वाहणारा. बाबांनी माझे दार पाण्याकडे केले, म्हणजे वाऱ्याकडे पाठ राहील आणि आत्यांना बसल्या जागी तळे दिसेल. खुंट्या ठोकल्या. बाहेरून कमानीसारखे खांब चढले. मग बाबांनी पिशवी उपडी केली, झटकली, पुन्हा झटकली.

"वादळदोऱ्या कुठायत?"

आईंनी गाडी शोधली. मुंगीने गवत शोधले. आत्या खुर्चीत बसल्या होत्या. मी पाहिले, त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांना आठवले होते.

"दुकानातून आणल्यापासून पिशवी कोणी उघडलीच नाही ना?" आईंनी विचारले. "दोऱ्या नसतील तर मला नाही बाई पटत. आपण परत जाऊ या."

परत जाऊ या! आत्यांनी बोलायला तोंड उघडले आणि तळ्याकडे बघत पुन्हा मिटले.

"अगं, हवा बघ, पान हलत नाहीये," बाबा म्हणाले. "दुकानातच राहिल्या असणार. उद्या सकाळी नव्या आणू."

बोला, आत्या, मी मनात म्हणत होतो. एवढे एक वाक्य बोलून टाका. आत्या बोलल्या नाहीत.

जेवण झाल्यावर आई-बाबा पिण्याचे पाणी भरायला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. आत्या माझ्या पोटात खुर्चीवर, पायाशी मुंगी चित्र काढत बसलेली. आधी माझी कड नुसती फडफडली. मग सगळे एकदम थांबले. तळ्याच्या पलीकडच्या काठावर धूळ उठली आणि पाणी काळे पडत आमच्या दिशेने येऊ लागले. वारा फिरला होता, आणि माझे उघडे दार बरोबर त्याच्या तोंडावर होते.

पहिला झोत आत घुसला तसा मी फुग्यासारखा फुगलो. मागच्या दोन खुंट्या जमिनीतून उपटल्या गेल्या.

"मुंगे, माझ्या मागे हो!" आत्या काठीशिवाय उठल्या, दाराशी गेल्या आणि दोन्ही हातांनी दाराची चेन ओढून लावली. आता वारा आत येत नव्हता, पण बाहेरून धडका देत होता. माझी पुढची भिंत आत कलली. मधला खांब कण्हला आणि वाकू लागला. मुंगीच्या डोक्यावर होता तो खांब, मित्रांनो. मी प्रत्येक शिवण आवळून धरली.

आई-बाबा धावत आले. बाबांनी बाहेरून खांबाला मिठी मारली. "दोऱ्या असत्या तर..."

"दोऱ्या माझ्या गादीखाली आहेत, धाकट्या!" आतून आत्या ओरडल्या.

"काय?"

"नंतर भांड! आधी गाडी आण. वाऱ्याच्या तोंडावर आडवी लाव, दाराला अगदी खेटून!"

"मी आणते!" म्हणत आई पळाल्या. गाडी आली, आडवी उभी राहिली. वाऱ्याचा निम्मा जोर तिने अंगावर घेतला. पण खांब वाकतच होता आणि दारासमोर आता गाडी होती. बाहेर पडायला एकच वाट उरली होती.

"झडपेतून निघ, मुंगे!" मुंगी सशासारखी सुळकन बाहेर गेली.

"ताई, आता तू!" बाबांचा आवाज फाटला. "मला फार वेळ नाही धरवणार!"

आत्या झडपेकडे पाहत उभ्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी गुडघा जमिनीला टेकवला नव्हता. टेकवायला हरकत नाही, असे डॉक्टर हल्लीच म्हणाले होते, पण त्यांचा धीर झाला नव्हता. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. हळूहळू खाली गेल्या. एक गुडघा वाकला, टेकला. मग दुसरा.

झडपेतून मुंगीचे तोंड दिसले. "ये आत्या, सरळ ये! पहिल्या गिअरमध्ये!"

"आलेच," आत्या दात आवळून म्हणाल्या. "हॉर्न नको वाजवू."

हात, गुडघा, हात, गुडघा. त्यांची पावले झडपेबाहेर गेली आणि त्यांनी बाहेरूनच आज्ञा सोडली, "खांब काढा! सगळे! झोपवा त्याला!"

झोपवा? मला? ज्या उंचीमुळे मला सगळे "वा!" म्हणत, ती टाकून द्यायची? बाबा क्षणभर अडखळले. मग त्यांनी आणि आईंनी खांब खालून सोडवले आणि मी जमिनीवर कोसळलो. गाडीवर सामान बांधायची एकुलती दोरी माझ्यावरून नेऊन त्यांनी गाडीच्या चाकांना बांधली. वारा माझ्यावरून निघून गेला. एखाद्या छोट्या तंबूवरून जावा, तसा.

चौघे गाडीत बसले. काचांवर धूळ आपटत होती.

"ताई, दोऱ्यांचं आधी सांगायचंस ना गं," बाबा म्हणाले.

"काय सांगू? व्यायामाला घेतल्या, आणि रोज रडत होते म्हणून? मला रडताना कोणी बघितलेलं चालत नाही." आत्या बाहेर बघत होत्या. "आणि इथे आल्यावर सांगितलं असतं, तर माझ्यामुळे सगळे परत फिरले असते."

आईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "हो, फिरलो असतो. घरी जाऊन पत्ते खेळलो असतो. बस्स, ताई. एवढंच झालं असतं."

आत्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. या वेळी सगळ्यांनी पाहिले आणि आभाळ काही कोसळले नाही.

"पण आत्या," मुंगी म्हणाली, "गुडघे वाकले की!"

माझा एक खांब कायमचा वाकडा झाला आणि एका कोपऱ्यात कापड फाटले. शिवण मात्र एकही सुटली नाही. त्या बाईच्या हातांना माझा नमस्कार पोहोचो. फाटलेल्या जागी आत्यांनी ठिगळ लावले, रस्त्यावरच्या पट्ट्यांसारखे मोठमोठे टाके घालून. पुढे किती सुट्ट्या आम्ही एकत्र काढल्या. एकदा मला ओलाच गुंडाळून माळ्यावर टाकले आणि विसरले. अंगावर बुरशीचे डाग पडले, ते अजून आहेत. मुंगीने मला उन्हात पसरून घासले, तेव्हा कुठे श्वास घेता आला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या घरच्या वस्तू कोरड्या करून ठेवा आणि निघण्याआधी एकदा उघडून बघा. गरजेला त्यातले काही घेतले तर खुशाल घ्या, पण घेतले म्हणून सांगा. सांगायला उशीर झाला असेल, तर उशिरा सांगा. वस्तूला तोंड नसते, तुम्हाला आहे.

आता मला उभा करताना आत्या कोणाला खुंटीही ठोकू देत नाहीत, आधी पिशवीतून वादळदोऱ्या काढून हातात घेतात. बाबांनी नव्या आणल्या होत्या, पण त्या व्यायामाला गेल्या. माझ्याजवळ जुन्याच आहेत. त्यांच्या मधोमध आत्यांच्या तळव्याएवढा भाग घासून गुळगुळीत झाला आहे, आणि वारा सुटला की मला वाटते, सगळ्यांत घट्ट तोच धरतो.