चेपलेला कोपरा

पारखी बाईंनी घड्याळावरचं काचेचं झाकण दोन्ही हातांनी अलगद उचलून टेबलावर ठेवलं आणि पर्समधून भिंग काढलं. जुन्या वस्तूंच्या लिलावासाठी त्या एकेका वस्तूची अवस्था लिहून नेत होत्या. वडील जाऊन वर्ष झालं होतं. आई आता मुलाकडे राहायला जाणार होती आणि त्याच्या दोन खोल्यांत हे दीडशे वर्षांचं फ्रेंच घड्याळ ठेवायला जागाच नव्हती.

मऊसर जस्ताची, सोन्याचा मुलामा दिलेली एक नाजूक स्त्रीमूर्ती, आणि तिच्या पायाशी त्याच धातूच्या बैठकीत बसवलेली पांढरीशुभ्र तबकडी.

"तबकडी निर्दोष. यंत्र मूळचंच," बाई पुटपुटत लिहीत होत्या. "बैठकीचा उजवा कोपरा चेपलेला..."

"ती आमची करामत!" मुलगा हसला. "पाच वर्षांचा होतो. घरात चेंडू खेळत होतो. बाबा एवढे कडक, पण मला बोटसुद्धा लावलं नाही त्यांनी. म्हणाले, जाऊ दे, लहान आहे."

हा किस्सा तो रंगवून सांगायचा. वडील गेले तेव्हा भेटायला आलेल्यांनाही त्याने तोच सांगितला होता, डोळे पुसत.

बाईंनी घड्याळ उजेडाकडे फिरवलं.

"चेंडूने नाही हो होणार हे."

"मग खाली पडलं असेल."

"पडलं असतं तर तबकडीला तडा गेला असता. ही मूर्तीची मान बघा, मागे वाकलीय. इथे कुणीतरी मुठीत धरलं होतं, आणि हा कोपरा..."

त्या एकदम थांबल्या. वहीत बघू लागल्या.

आई खिडकीपाशी चादरींच्या घड्या घालत होती. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. बसमधून उतरताना पडली होती, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"चेंडू नव्हताच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आवाज ऐकून तू आत आलास. हातात चेंडू होता. ते म्हणाले, बघ काय केलंस. तू लगेच भोकाड पसरलंस. पुढे तुलाही तेच खरं वाटायला लागलं."

मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याची नजर चेपलेल्या कोपऱ्यावरून आईच्या खांद्याकडे गेली आणि तिथून हलेना. हाताला खुर्ची लागली तसा तो खाली बसला.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आधी तू लहान होतास. नंतर तुला ते फार आवडायला लागले."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मी उद्या येऊ का?"

"नको, उरकून टाका," आई म्हणाली. "कसं झालं ते लिहावं लागतं का?"

"नाही. फक्त काय झालंय ते."

"मग लिहा की."

पेन पुन्हा कागदावर चालू लागलं. मुलगा आईकडे वळला.

"हे... एकदाच झालं ना, आई?"

"घड्याळ एकदाच," ती म्हणाली आणि तिने पुढची चादर उचलली.