रांजणावर ठेवलेलं झाकण

मी एक जुनं लोखंडी झाकण आहे. अकोटच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रासाठी मला घडवलं. मित्रांनो, माझं काम एकच होतं, फिरत्या रुळापासून माणसाचा हात दूर ठेवायचा.

पण ते मला करू कोण देतं? हंगाम लागला की फिटर महादेवराव मालकाच्या हुकमानं माझे नटबोल्ट सोडत. अडकलेला कापूस यंत्र न थांबवता हातानं ओढता यावा, म्हणून! मग माझी रवानगी पाण्याच्या रांजणावर. कौतुक झालं तेही तिथंच. "मोठं कामाचं झाकण हाय, कचरा जात नाई," यंत्रावर काम करणारी सुंदराबाई म्हणायची.

त्या वर्षांत शेतीचं काही खरं नव्हतं. काम मागणाऱ्या बाया फाटकाशी उभ्याच असत. त्यामुळे 'झाकण लावा' म्हणायची कुणाची छाती होत नव्हती.

एका दुपारी अडकलेला कापूस ओढताना तिच्या सोबतीण खुर्शीदबीच्या उजव्या हाताची बोटं रुळात गेली. संध्याकाळपर्यंत यंत्रावर नवंकोरं झाकण बसलं. मालक म्हणाले, "झाकण तिनंच काढलं होतं." मी भंगारात. सुंदराबाईनं मला पोत्यात घालून खुर्शीदबीच्या घरी पोचवलं.

भरपाईचा दावा लोंबकळत असतानाच कळलं, कायदा बदलायचं घाटतंय. झाकण कामगारानंच काढलं असं मालक नुसतं म्हणाला, की भरपाई बंद. ते खोटं ठरवायचं कामगारानं. अकोल्याला सरकारी अधिकारी त्यावर लोकांच्या हरकती ऐकणार होते. खुर्शीदबी मला घेऊन एसटीत चढली.

"चाची, या लोखंडाचं लगेज लागन," कंडक्टर म्हणाला.

"लगेज कायचं, भाऊ? गवाह हाय हा माहा!"

सुनावणीत मालकांचे वकील म्हणाले, "बायका गप्पांच्या नादात झाकणं काढून ठेवतात."

खुर्शीदबीनं मला धाडकन टेबलावर ठेवलं. "वकीलसाहेब, तुमचे शेठ याच्यावरचा गिलास उचलून पाणी पेत होते. तवा नाई दिसलं, हे कायचं झाकण हाय ते?"

"वस्तूची नोंद होत नाही. साक्ष लागेल," अधिकारी म्हणाले.

सुंदराबाई उठली. "मंग माहं लिवा."

"बाई, उद्या कामावर यायचंय ना?" वकील हळूच म्हणाले.

"येईन ना. पयले समद्या यंत्रांवर झाकणं लावा."

मागच्या बाकावरच्या बायाही उठल्या. अधिकाऱ्यांना लिहावंच लागलं.

मित्रांनो, कायदा बदलेल की नाही, मला ठाऊक नाही. पुढच्या तारखेलाही मी जाणार. तुमची आई कामावर निघाली, की 'जपून गं' एवढंच म्हणून थांबू नका. ती जपूनच काम करते. तिच्या मालकाला विचारा, झाकण कुठं आहे?