लोकूमल पडले तेव्हा

शाळेच्या वाटेवर टवाळ पोरं माझी वेणी ओढायची, म्हणून मला ज्युडोला वडिलांनीच घातलं. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे ते साफ विसरले.

शिकवायचे लोकूमल. फाळणीनंतर उल्हासनगरच्या बराकीत आलेले सिंधी. तरुणपणी ते जपानात, कोबे शहरात कापडाच्या पेढीवर होते, तिथे ज्युडो शिकले. दिवसा चादरी विकायचे आणि संध्याकाळी एका रिकाम्या बराकीत, पेंढा भरलेल्या गोणपाटांवर आम्हाला शिकवायचे. त्यांच्याकडे एक रीत होती. प्रात्यक्षिकात शिष्याने पाडायचं आणि गुरूने पडायचं. पाडणं सोपं, नीट पडणं अवघड. "मुश्किल काम बड्याने करायचं, बेटी," ते म्हणायचे.

त्रेपन्न सालच्या गणपतीत अंबरनाथला आमच्या वसाहतीतल्या मंडळाने प्रात्यक्षिक ठेवलं. मी चौदा वर्षांची. मी लोकूमलना खांद्यावरून टाकलं, कमरेवरून टाकलं. पडताना त्यांचा तळहात गोणपाटावर असा वाजायचा की पुढे बसलेल्या बायका दचकायच्या. मला वाटलं, टाळ्या पडतील. पण हशा पिकला.

मंडळाचे अध्यक्ष दौलतराव माईकवर होते. "काय लोकूमल, पोरीनं लोळवलं की तुम्हाला. चादरींचा गठ्ठा तरी उचलवतो का?" मग वडिलांकडे वळून, "विष्णुपंत, जावई तालमीतलाच बघा हं. कारकून टिकायचा नाही हिच्यापुढे."

वडील हसले. दौलतराव कारखान्यात त्यांचे साहेब होते, हे मला कळत होतं. तरीही ते हसले.

लोकूमलनी वाकून सगळ्यांना नमस्कार केला. ते हरले नाहीत, ते माझे गुरू आहेत, एवढंच सांगायला मी माईककडे गेले. मी तोंड उघडायच्या आत दौलतरावांनी गाण्याची रेकॉर्ड लावायला सांगितली.

घरी वडील म्हणाले, "वृंदा, उद्यापासून ते बंद. चारचौघांत शोभा झाली."

"शोभा त्यांची झाली. आणि तुम्ही हसलात."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"मोठ्यांना असं हसतात?"

आईने ताट वाढलं. मी जेवले नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी बराकीत गेलेच. लोकूमल चादरींच्या घड्या घालत होते. मी त्यांच्यावरही भडकले. "तुम्ही गप्प का बसलात?"

"धंदा इथेच करायचाय ना, बेटी. आणि बाप नको म्हणतो, तर तू येऊ नको."

तेवढ्यात वडील सायकलवरून आले. दारातूनच म्हणाले, "चल घरी."

"आधी यांची माफी मागा."

लोकूमलनी घाईघाईने स्टूल पुढे केलं. "बसा साहेब, चाय घ्या." वडील बसले नाहीत. माझ्याकडे न बघता सायकलचं हँडल धरलं. शेवटी म्हणाले, "रोज दिवेलागणीच्या आत घरी ये," आणि सायकल वळवली.

सगळे म्हणाले, जिंकलीस. मी काय जिंकले? शिकायची परवानगी मिळाली, माफी मिळाली नाही. पुढे लोकूमल वारले, वडीलही वारले. ती माफी कोणी मागितलीच नाही.

पुढे मी बदलापुरात वर्ग काढला आणि गुडघे चालले तोवर प्रत्येक प्रात्यक्षिकात वर्गातल्या मुलींच्या हातून मीच पडले. प्रत्येक वेळी मागे कोणीतरी हसायचंच. मी उठायची, पदर कमरेला घट्ट खोचायची आणि त्या माणसाला सगळ्यांदेखत वर बोलवायची. बहुतेक जण यायचे नाहीत. जे आले, त्यांना मी सांभाळून पाडलं नाही.