नुसतं ‘छान’ नको

आई बावीस वर्षं नर्स. यंदा तिनं विद्यापीठात नाव घातलं, तेही माझ्याच वर्गात. मैत्रिणींना गंमत वाटली, मला जरा अवघडल्यासारखं झालं.

आमचे निबंध नाव न घालता संगणकावर चढतात. प्रत्येकानं इतरांचे तीन वाचायचे आणि शेरे लिहायचे, तेही निनावी. आईनं तिन्हींवर लिहिलं, “छान.”

“हे काय गं?” मी विचारलं.

“लेकरांनी जीव ओतून लिहिलंय. मी कोण चुका काढणारी?”

दोन दिवसांनी तिच्या रुग्णालयावरच्या निबंधावर शेरे आले. दोघांचं “छान.” तिसऱ्याचं मात्र असं: “पहिलं दीड पान गाळा. ‘आजी म्हणाल्या, पाय गार पडलेत’ इथून तुमचा निबंध सुरू होतो. पुढचं वाचताना मी जागचा हललो नाही.”

“दीड पान! आठवडाभर घासलंय मी!” आईचा पारा चढला. तणतणतच तिनं त्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

“बरोबर आहे मेल्याचं,” ती म्हणाली. “या वरच्या दोघांनी मात्र वाचल्यासारखं वाटत नाही.” मग स्वतःच ओशाळली. “मीही तेच केलं की!”

शेरे बदलायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. आईनं रजेचा अख्खा दिवस त्या तीन निबंधांवर घातला. जेवायला हाक मारली तर म्हणाली, “थांब, या पोराचं म्हणणं आत्ता कुठे कळायला लागलंय.”

सोमवारी वर्गात एक उंच मुलगा उभा राहिला. त्याचा निबंध वसतिगृहाच्या गोंगाटावर होता.

“मला एक शेरा आलाय,” तो म्हणाला आणि वाचू लागला. “‘तुम्ही आवाज मोजलेत, पण झोप कोणाची मोडते ते सांगितलं नाहीत. शेजारच्या खोलीतल्या रखवालदाराला एका ओळीत उरकलंत. त्याला भेटा.’ मी भेटलो. आम्ही दारं आपटतो तेव्हा तो नुकताच रात्रपाळी संपवून आडवा झालेला असतो. पहिल्यापासून सगळं लिहून काढलं मी. कोणी लिहिलंय हे?”

आई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे तिचा हात अर्धवट वर गेला.

“काकू, पुढचाही वाचाल?”

“वाचेन. पण सोडणार नाही हं!”

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “आमचाही!”

“रांगेत या,” मी वळून ठसक्यात म्हटलं. “माझी आई आहे ती.”