इंदूबाईचा हात आणि दांडपट्टा

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, भोसल्यांच्या वेळच्या एका जुन्या बागेत कारंज्याच्या हौदातला गाळ काढणं चाललं होतं. कौसल्याची कुदळ ठण्णकन वाजली आणि चिखलातून लोखंडी दांडपट्टा वर आला. हातभरापेक्षा लांब गंजलेलं पातं, आणि मुठीवर कोपरापर्यंत हात झाकणारी पोकळ खोळ.

तिच्यासोबत बागेत काम करणाऱ्या इंदूबाईने खोळीतला चिखल खरवडला आणि सहज हात घालून पाहिला. अगदी मापात बसला. निघेना मात्र.

"हात काहून घातला वं?" कौसल्या किंचाळली.

"मले का मालूम, आत जाते अन् बाहेर येत नाही म्हणून!"

बागेचे साहेब धावत आले. "कापायचा नाही! जुनी वस्तू आहे!"

"अन् माहा हात?"

"तोही कापायचा नाही," साहेब विचार करून म्हणाले.

साबण लावून झाला, ओढून झालं. शेवटी रिक्षावाल्या लहानूच्या सायकल रिक्षात बसून दोघी महाल वस्तीतल्या ईश्वरदासच्या तेलघाण्याकडे निघाल्या. साहेब मागून सायकलवर. पातं टपाखाली मावेना, म्हणून टप पाडला आणि इंदूबाईला हात आभाळाकडे सरळ धरावा लागला.

आधी ती लाजेने मेली. डाव्या हाताने पदर तोंडावर ओढला. पण गल्लीत शिरताच स्कूटरवाला मागे सरकला, भाजीवालीने टोपली उचलली. चौकातल्या शिपायाने गोंधळून सलामच ठोकला! आजवर डोक्यावर पाटी घेऊन तिनेच सगळ्यांना वाट दिली होती. ती ताठ बसली. पदर खाली आला.

"हटा गा, हटा!" ती ओरडली.

पुढे नवरदेवाची वाट पाहत बँडवाले ताटकळले होते. त्यांनी तिला पाहिलं आणि वाजवायलाच सुरुवात केली. घाण्यापर्यंत रिक्षामागे बँड आणि अर्धा महाल.

ईश्वरदासने खोळीत जवसाचं तेल ओतलं. कौसल्या आणि लहानूने जोर लावला. सुळ्ळकन हात सुटला आणि ते दोघं पट्ट्यासकट पेंडीच्या ढेपांच्या ढिगात उताणे पडले. इंदूबाई इतकी हसली, की तिला खालीच बसावं लागलं.

साहेबांनी पट्टा छातीशी धरला. बँडमास्तर हळूच म्हणाला, "बाई, वरातीपुढं चालता का? पण पट्टा तर गेला."

"हात आहे ना!"

वरात निघाली, तशी तेलाने निथळणारा हात उंच करून इंदूबाई वरातीपुढे अशी नाचली, की घोड्यावरचा नवरदेवही खाली उतरून नाचायला लागला.