खडूनं लिहिलेली थोरली

१९८३ साली टेकडीच्या चढावरच्या वार्षिक शर्यतीत थोरलीच्या नवऱ्याची गाडी सातव्यांदा हरली. या वेळी मात्र हरणाऱ्यानं आपली गाडी जुन्या गाड्यांच्या एका संग्राहकाला विकायची, असं ठरलं होतं.

दोघी सख्ख्या बहिणी आणि त्यांचे नवरे जुन्या ब्रिटिश गाड्यांचे वेडे. थोरलीकडे एमजी बी: सरळ रेषांची, ऐसपैस, अठराशे सीसीची. धाकटीकडे तिच्या आधीची एमजी ए: गोल खांद्यांची, दाराला बाहेरून मूठसुद्धा नसलेली, सोळाशेची. रूपात ए, ताकदीत बी, असं जाणकार सांगत. चढावर मात्र म्हातारीच पुढे!

"साडूबुवा, बसायला सोफा झकास आहे हो तुमचा," धाकटीचा नवरा दरवेळी डिवचायचा.

थोरली याच गाडीवर चालवायला शिकली होती. संग्राहकानं किल्ली मागितली तेव्हा तिनं ती पदरानं पुसून त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं बॉनेट उघडलं. इंजिनावरची पट्टी रुमालानं पुसली, नंबर वाचला, पुन्हा वाचला. मग दुसऱ्या गाडीकडे गेला, तिचाही नंबर वाचून परत आला.

"या दोघींच्या इंजिनांची अदलाबदल झालीय. एकाच घराण्यातली, म्हणून बसली."

थोरलीचा नवरा मडगार्डवर मटकन बसला. एरवी तिथं कुणी नुसता हात टेकला तरी तो खेकसायचा.

"म्हणजे सात वर्षं मी तुमच्याच इंजिनानं तुम्हाला हरवत होतो?" धाकटीचा नवरा पुटपुटला.

दोन्ही गाड्या सांभाळणारा मिस्त्री तिथंच होता. सगळे त्याच्याकडे वळले. शहात्तर साली दोन्ही इंजिनं दुरुस्तीसाठी त्यानंच एकदम उतरवली होती.

"अहो, मी खडूनं लिहिलं होतं की! जुन्या मॉडेलच्या इंजिनावर थोरली, नव्याच्या इंजिनावर धाकटी. ऐन बसवायच्या दिवशी मी तापानं आडवा. काम गॅरेजातल्या जोडीदारानं केलं."

थोरलीला तो दिवस आठवला. त्या दिवशी घाई करायला गॅरेजात तीच गेली होती. खडूची अक्षरं वाचून जोडीदाराला तीच म्हणाली होती, "हे आमचं. थोरली मी."

तिनं ते सांगून टाकलं.

"ताई, शाळेत दप्तरंसुद्धा तूच बदलायचीस!" धाकटी म्हणाली.

संग्राहकानं किल्ली परत केली. "परक्या काळजाची गाडी मी घेत नाही."

पुढं त्यानं दोन्ही गाड्यांची तुलना करणारा लेख लिहिला, पण सरस कोण ते शेवटपर्यंत लिहिलं नाही. मिस्त्री मरेपर्यंत खडूला शिवला नाही. धाकटीच्या नवऱ्यानं इंजिन परत देऊ केलं, आणि चढावर पुन्हा कधी आला नाही. पुढं धाकटी आणि तो मुलाकडे राहायला गेली. थोरलीचा नवरा नऊ दिवस तिच्याशी बोलला नाही. दहाव्या दिवशी म्हणाला, "राहू दे तेच इंजिन. सवय झालीय." तो गेल्याला आता अकरा वर्षं झाली.

थोरली अजून ती गाडी चालवते. चढ लागला की आधीच गिअर उतरवते, आणि मागच्या गाड्यांना हात करून पुढं जाऊ देते.